कोपराचा वास

आमच्या सरांच्या तासाला ‘हजर’ म्हणून हजेरी लागत नसे. नाव घेतलं की उभं राहायचं आणि घरून येताना नाकाला लागलेला एक वास सांगायचा. वास पटला तर हजेरी, नाहीतर खाली बसायचं आणि आठवत राहायचं. कल्याणच्या आमच्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात ते वाइन हा विषय शिकवायला येत. वाइन म्हणजे आधी नाक, मग जीभ, आणि घशाचा तिच्याशी काही संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्या दिवशी माझं नाव आलं तेव्हा मी म्हणालो, “काही नाही सर.”

“काही नाही असा वास नसतो,” सर म्हणाले. “टिटवाळ्याहून येतोस ना? मग एवढ्या रस्त्यात नाक घरी ठेवून आलास का? उद्या बरोबर घेऊन ये.”

वर्ग हसला, मीही हसलो. खरं म्हणजे मला वास आलेले होते. वडिलांच्या रिक्षाच्या सीटखाली ठेवलेल्या फडक्याचा आला होता, आईनं डब्यात घातलेल्या मेथीचा आला होता. पण हे कॉलेजात सांगण्यासारखे वास आहेत असं वाटलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथं काय बोलायचं असतं आणि काय पोटात ठेवायचं असतं, हे ओळखण्यातच माझा बराच वेळ जायचा.

संकेतला असली अडचण नव्हती. संकेत म्हणजे ठाकुर्लीचा माझा बाकावरचा शेजारी. तो उठून म्हणाला, “सर, माझ्या मामाच्या बुलेटची सीट. उन्हात तापलेली.”

“चामडं की रेक्झिन?”

“रेक्झिन, सर.”

“मग ‘तापलेलं रेक्झिन’ म्हण. मामाला मध्ये कशाला आणतोस? मामाचा वास वेगळा.”

सरांचं नाक खूप मोठं असेल असं सगळ्यांना आधी वाटायचं. ते अगदीच एवढंसं होतं. चष्मासुद्धा त्यावर टिकत नसे, दर दोन वाक्यांनंतर बोटानं वर ढकलावा लागे. ते अंगाला पावडर लावत नसत, केसाला तेल नाही, दाढीनंतर काही चोळणं नाही. पूर्वी ते एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात होते. साबण आणि अगरबत्त्यांचे वास तिथं जुळवले जात. त्यावरून ते कधी कधी फुशारकी मारत. “तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या मोरीतला मोगरा मी केलेला आहे,” असं एकदा भर वर्गात म्हणाले होते. मुली बराच वेळ एकमेकींकडे बघत नव्हत्या.

डिओ मारून आलेल्या मुलाला ते वर्गात घेत नसत. “बाहेर उभा राहा. उडू दे, मग ये.” संकेतच्या हे लक्षात आलं आणि त्यानं तास चुकवायची ही सोय करून घेतली. दोनदा जमलं. तिसऱ्या वेळी सरांनी त्याला बाहेर न काढता टेबलाजवळ उभं केलं आणि म्हणाले, “आज हीच प्रश्नपत्रिका. एकेकानं यायचं, संकेतचा वास घ्यायचा आणि त्यात काय काय आहे ते सांगायचं.” अख्ख्या वर्गानं रांगेनं त्याचा वास घेतला. लिंबाची साल, कापूर आणि थोडं फिनेल, असं उत्तर निघालं. त्यानंतर संकेत परीक्षा संपेपर्यंत साध्या साबणावर राहिला.

वर्गात काही शब्दांना बंदी होती. ‘छान’, ‘मस्त’ आणि ‘फ्रूटी’. कुणी ‘फ्रूटी’ म्हणालं की सर विचारत, “कुठलं फळ? पिकलेलं की कच्चं? साल की गर? की फळाच्या टोपलीतलं गवत?” पुस्तकात लाल वाइनबद्दल ज्या परदेशी बोरांची नावं होती तीसुद्धा त्यांना चालत नसत. “पाहिलीयेत का कुणी? नाही ना. मग ज्याला कधी भेटला नाहीत त्याची ओळख कशाला सांगता?”

आणि कोपर. ओळीनं चार-पाच वास घेतले की नाक थकतं, सगळं सारखंच वाटायला लागतं. अशा वेळी सर ओरडत, “कोपर.” की सगळ्यांनी हात दुमडून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावायचं. आपला आपल्याला वास येत नाही, म्हणून नाकाला तेवढीच एक विसाव्याची जागा आहे, असं ते सांगत. एकदा आमच्या प्राचार्या काही पाहुण्यांना कॉलेज दाखवत होत्या. त्यांनी दार उघडलं तर सगळा वर्ग बाहीत तोंड खुपसून बसलेला. पाहुण्यांना वाटलं, मुलं रडतायत. सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, जरा थांबा, विश्रांती चाललीये.”

रविवारी ते काही जणांना घरी बोलवायचे. घर डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कारखान्यांपासून फार लांब नाही. वाइनचा वास शिकवणारा माणूस एमआयडीसीत राहतो, ही संकेतची आवडती गोष्ट होती. तो ती चहाच्या टपरीवर अनोळखी माणसांनाही सांगायचा. सरांनी खिडकीच्या गजाला एक रेशमी फीत बांधलेली होती. तास सुरू करण्याआधी ते फितीकडे बघत. ती आत उडत असली की खिडक्या बंद आणि तास पुढं ढकललेला. मग सर दोन्ही हात मागे बांधून खिडकीशी उभे राहत आणि बाहेरून येणाऱ्या वासाचंच वर्णन करत.

“सुरुवातीला शिळा कोबी. मधे किंचित कडू बदाम. आणि शेवट लांब आहे, बरं का. फार लांब.”

त्यांच्या पत्नी आतून म्हणायच्या, “शेवट लांब आहे तर खिडकीची फट तरी बुजवा. सगळे पडदे धुवायला माझ्या नशिबी.”

सर्दी झाली की सर रजा टाकत. अर्जावर कारण लिहीत, ‘आज दिसत नाही.’

पण सरांची सगळ्यात मोठी ख्याती वेगळीच होती. इतकी वर्षं वाइन शिकवून त्यांच्या पोटात तिचा एक थेंब गेला नव्हता. त्यांच्या पिशवीत झाकणाचा एक स्टीलचा डबा असे. घोट तोंडात घ्यायचा, खेळवायचा, आणि बारीक धार धरून डब्यात. एकही शिंतोडा नाही. प्रत्येक नव्या वर्गाला ते पहिल्याच दिवशी सांगत, “माझ्या आईला मी शब्द दिलेला आहे. घशाखाली थेंबही गेलेला नाही. तुम्हीही हे शिका. ज्याला थुंकता येत नाही त्यानं हा विषय घेऊ नये.”

या एका वाक्यावर माझं शिक्षण उभं होतं.

कारण माझे वडील माळकरी. रिक्षा चालवतात, संध्याकाळी आमच्या आळीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, आणि गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी तरुणपणी, स्वतःच्या थोरल्या भावाला दारूनं गेलेलं पाहिल्यावर घातली होती. हॉटेलची लाइन म्हटल्यावर त्यांनी कशीबशी मान डोलावली होती. वाइनचं नाव काढल्यावर ते जेवता जेवता थांबले. मी सरांचं सगळं सांगितलं. आईला दिलेला शब्द, स्टीलचा डबा, एक थेंब नाही.

“शिकवणारा स्वतः पीत नाही?” वडिलांनी विचारलं.

“नाही.”

“थेंबसुद्धा?”

“थेंबसुद्धा नाही.”

“मग शिक,” ते म्हणाले. “त्यांच्यासारखं राहायचं. आणि घरात ती वस्तू आणायची नाही.”

मला वर्गात पहिली हजेरी नीट कधी मिळाली ते अजून आठवतं. सरांनी एक पांढरी वाइन दिली होती. यीस्टच्या साक्यावर बराच काळ मुरवलेली. सगळे लिंबू म्हणत होते, हिरवं सफरचंद म्हणत होते. मला दुसराच वास येत होता आणि तो मी कुठं घेतलाय हेही कळत होतं. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी खाली बघत म्हणालो, “सर, पखवाज.”

मागून कुणीतरी हसलं.

“पुढं बोल,” सर म्हणाले.

“पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावतात. आवाज घुमण्यासाठी. वाजवून झाल्यावर ती खरवडून काढतात. पण थोडी कडेला राहते. दुसऱ्या दिवशी तिला जो आंबूस वास येतो, तसा.”

सरांनी स्वतःचा ग्लास उचलला. वास घेतला. चष्मा वर ढकलला, परत घेतला. मग म्हणाले, “लागली हजेरी. मागची सगळीसुद्धा.” पुढचे कित्येक दिवस ते मला पखवाज या नावानंच हाक मारायचे. मला राग आला नाही.

पुढं शेवटच्या सत्रात प्रशिक्षणासाठी मुलं निवडायची वेळ आली. नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात, पाहुण्यांना वाइन चाखवण्याच्या दालनात एकच जागा होती, आणि तिथं वासाची परीक्षा होणार होती. सरांनी माझं नाव दिलं. सरावासाठी त्यांनी स्वतःच्या घरी बरण्यांचा एक संच बनवला. साधी पांढरी वाइन छोट्या छोट्या काचेच्या बरण्यांत घालायची आणि एकेकीत एकेक जिन्नस भिजवायचा, म्हणजे वाइनमधून तो वास कसा येतो ते नाकाला कळतं. लवंग, पेरूची फोड, मिरी, ओवा. बरण्यांवर नावं नसत, नुसते रंगीत दोरे बांधलेले. “नाव वाचलं की नाक झोपतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तो आठवडाभर फीत आतच उडत होती. सर म्हणाले, “इथं काही होणार नाही. तू बरण्या घरी घेऊन जा.”

“सर, घरी नाही चालणार. वडील माळकरी आहेत.”

“अरे, पण यात वाइन कुठं राहिली आता? मूठभर ओवा पडल्यावर ती कोण पिणार? तो आता धडा आहे. धडा घरी न्यायला कोण नको म्हणेल?”

मला सरांपुढं नाही म्हणता आलं नाही. मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “फळीवर वर ठेव, मागच्या बाजूला.” मी ठेवल्या.

दोन दिवसांनी तिनं फळी पुसायला काढली आणि बरण्या ओट्यावर उतरवून खाली पाणी आणायला गेली. वडील दुपारी जेवून उठले. त्यांना गॅसेसचा जुना त्रास आहे आणि ओव्याच्या पाण्यावर त्यांची श्रद्धा आहे. ओट्यावर ओवा भिजवलेली बरणी दिसली. दोरा बांधलेली, झाकण नीट लावलेलं. बायकोनं आपल्यासाठीच करून ठेवलंय, असं समजून त्यांनी दोन चमचे घेतले.

मी आत आलो तेव्हा ते चमचा हातात धरून उभे होते.

“हे कशात भिजवलंय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चूळ भरली, हातपाय धुतले, गळ्यातली माळ काढली आणि देव्हाऱ्यात ठेवली. “उद्यापासून कॉलेजला जाऊ नकोस,” एवढंच म्हणाले. संध्याकाळी मंडळाचा माणूस बोलवायला आला. त्याला त्यांनी सांगितलं, “पखवाजाला दुसरा बघा. माझ्या हातानं आता नको.”

आईनं आपल्या परीनं प्रयत्न केला. “दोन चमचे. आणि चुकून. खोकल्याच्या औषधात याच्यापेक्षा जास्त असतं.”

“औषध वेगळं.”

“तुम्ही औषध म्हणूनच घेतलंत ना?”

“पोटात गेलं ना? मग गेलं.”

पखवाज भिंतीशी तसाच पडून राहिला. माळ देव्हाऱ्यात. नाशिकची परीक्षा जवळ येत होती आणि मी घरी बसून होतो. संकेतनं फोनवर सांगितलं, “सर रोज हजेरीला तुझं नाव घेतात. कोणी काही बोलत नाही, तर मीच सांगून टाकलं सगळं. रागावू नकोस भाऊ.”

पुढच्या रविवारी सकाळी सर आमच्या दारात उभे. हातात डब्याची पिशवी, घामानं चष्मा नाकाच्या टोकाशी आलेला. वडिलांनी “या गुरुजी” म्हणून खुर्ची पुढं केली. सर बसले नाहीत. त्यांची नजर भिंतीकडं गेली होती. ते सरळ पखवाजाजवळ गेले, गुडघे टेकून बसले, आणि त्याच्या डाव्या तोंडाला नाक लावून डोळे मिटून घेतले.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. वडील माझ्याकडे बघत होते.

“बरोबर आहे याचं,” सर उठत म्हणाले. “अगदी बरोबर. मी इतके दिवस नुसतं ऐकून होतो.” मग त्यांना आपण कशाला आलोय ते आठवलं असावं. ते खुर्चीच्या कडेवर बसले. “मी माफी मागायला आलो. बरण्या मीच पाठवल्या. हा नको म्हणत होता.”

“तुमची चूक नाही,” वडील म्हणाले. “माझ्या हातानं झालं. तुम्ही इतकी वर्षं रोज ते तोंडात घेता आणि तुमच्या पोटात थेंब जात नाही. आम्हाला घरात एक बरणी नाही सांभाळता आली. तुमच्याकडं बघून मी याला हो म्हटलं होतं. तुम्ही मोठे. आम्हाला नाही जमायचं ते.”

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. परत घातला. मला कळलं की ते काहीतरी बोलणार आहेत, आणि ते जे बोलतील त्यावर माझी नाशिकची संधी राहील किंवा जाईल. त्यांनी नुसतं ‘तसं काही नाही हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“जातं,” ते म्हणाले.

“काय?”

“थोडं जातंच. थुंकलं तरी जिभेवर उरतं, हिरड्यांना उरतं. ते काही बाहेर काढता येत नाही. मग गिळलं जातं. रोज जातं. आईला शब्द दिला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नंतर कळलं, तोवर सगळीकडं सांगून बसलो होतो.”

आत कुकरची शिट्टी झाली. वडिलांनी ज्या एका गोष्टीवर मला पाठवलं होतं, ती त्यांच्या समोर अशी मोडून पडली होती.

“मुद्दाम गिळलंत?” वडिलांनी हळूच विचारलं.

“नाही.”

“आवडलं म्हणून?”

सरांनी चष्मा वर ढकलला. “एकदा,” ते म्हणाले. “एकदाच. फार चांगली होती हो.”

वडिलांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण सरांचा चेहरा इतका उतरला होता की ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“गुरुजी, एवढं मनाला लावून घेऊ नका. मुद्दाम नाही ना? मग गेलं ते गेलं. देव काय चमच्यानं मोजतो काय? मनात नव्हतं ना तुमच्या, झालं तर.”

“ऐकलंत का?” आई दारातून म्हणाली. “हेच मी इतके दिवस सांगतेय. तर मला म्हणतात, तुला कळत नाही.”

वडील तिच्याकडे बघत राहिले. मग सरांकडे, मग देव्हाऱ्याकडे. त्यांचा हात अजून सरांच्या गुडघ्यावरच होता.

“मंडळाच्या बुवांना विचारून माळ परत घालीन,” शेवटी ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “तिकडं नाशिकला जेवणखाण साधं मिळतं का? की सगळं हॉटेलचंच?”

सर जेवायला थांबले. आईच्या आमटीचा वास घेऊन त्यांनी त्यात काय काय आहे ते सांगायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, “आता खा मुकाट्यानं. गार होतंय.” त्यांनी मुकाट्यानं खाल्लं. निघताना बरण्या पिशवीत भरून परत नेल्या. ओव्याची तेवढी आईनं आधीच मोरीत ओतली होती, ती त्यांनी मागितली नाही.

नंतर संकेतकडून कळलं, सरांनी नव्या वर्गाला थुंकायचं दाखवलं आणि शेवटी म्हणाले, “एवढं करूनही थोडं जातंच. पण बेत नसावा.” आईला दिलेल्या शब्दाचं त्यांनी काही सांगितलं नाही. ‘एकदा आवडली’ हे त्यांचं खरं होतं, की माझ्या वडिलांना हलकं वाटावं म्हणून ते बोलले, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला बाहेर उभं केलं असतं.

मी निवडला गेलो. नाशिकच्या त्या दालनात पहिल्या दिवशी ओळीनं सात-आठ वाइन आल्या. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी बारीक धार धरून थुंकलो, एकही शिंतोडा उडाला नाही. तरी जिभेवर थोडं उरलं, आणि ते गेलंच. नाक थकलं होतं. सगळ्यांचा एकच वास येत होता. मी मान वळवली, हात दुमडला आणि कोपराशी नाक नेलं.

घरून धुऊन आणलेला सदरा होता, सकाळी वडिलांच्या रिक्षातून स्टेशनपर्यंत आलेला. एरवी तिथं कसलाच वास यायचा नाही. त्या दिवशी आला. आईच्या हातचा साबण, रिक्षातलं फडकं, आणि कुठंतरी मागे किंचित आंबूस, आदल्या रात्रीच्या कणकेचा. वडील परत वाजवायला लागले होते.